बिनगाडीच्या गॅरेजचं शटर

आमच्या लातूरच्या घरमालकांकडे गाडी नव्हती. स्कूटरही नव्हती. सायकल होती, पण ती ते चालवायचे नाहीत, हाताशी धरून तिच्या शेजारून चालत जायचे. पिशव्या अडकवायला बरी पडते म्हणायचे. आणि अशा माणसानं गॅरेजचं शटर उघडायला कोणती मोटर बसवावी याचा जेवढा विचार केला, तेवढा मी लग्नाला होकार देताना केला नव्हता. आता वाटतं, थोडा करायला हरकत नव्हती.

गल्लीत सगळे त्यांना मॅनेजर म्हणत. उभी नोकरी गावातल्या एका टॉकीजची मॅनेजरकी करण्यात गेली होती. टॉकीज पडली, तिथं क्लासेसची चार मजली इमारत उभी राहिली, तरी हे मॅनेजरच राहिले. शर्टाच्या खिशात टॉकीजमधला तो लांबट टॉर्च कायम. भर दुपारी बोलतानासुद्धा ज्या वस्तूबद्दल बोलायचं तिच्यावर टॉर्च मारायचे. भाजीवाली वांगी दाखवायला लागली की हे टॉर्च पेटवून वांगी बघणार. ती म्हणायची, "मॅनेजर, वांगं हाय ओ ते, पिच्चर न्हाई."

मी मूळची नांदेडची. त्या काळात बारावीला पोरांना लातूरला ठेवायची साथच आली होती. बाप आपापल्या गावी दुकानात नाहीतर कचेरीत, आणि आई लातुरात दोन खोल्यांत पोळ्या लाटायला. आमच्या गल्लीत मान वर करून बघावं तर प्रत्येक गॅलरीत एकेक परगावची आई कपडे वाळत घालताना दिसायची. कुणी चाकूरची, कुणी उदगीरची, एक तर थेट किनवटच्या पलीकडची. मी माझ्या मुलीला घेऊन आले होते. आमचे हे नांदेडला कापडाचं दुकान सांभाळायचे आणि शनिवारी गाडी घेऊन यायचे. वय माझं चाळिशीचं, स्वतःला समजत होते तिशीची, आणि अक्कल होती विशीची. नांदेडहून आले म्हणजे लंडनहूनच आले अशा थाटात मी त्या गल्लीत वावरायचे.

खोल्या बघायला गेले तेव्हा मी भाड्यासाठी घासाघीस करायच्या तयारीनं गेले होते. मॅनेजरांनी भाड्याचं नावच काढलं नाही.

"आतून कडी लावायची सवय हाय का?"

"असणारच ना. आम्ही दोघीच राहणार."

"लावा बरं एकदा."

मी लावली.

"आता डोळे मिटा. मिटले? आता उघडा."

मी डोळे उघडले.

"दार ओ बाई, दार! डोळे मिटून दार उघडा!"

तीनदा चाचपडले तेव्हा कडी सापडली. मॅनेजरांनी माझ्या हातावर टॉर्च मारला आणि मान हलवली. "रोज प्रॅक्टिस करा. आत जायला तिकीट लागतंय ते ठीक हाय. भायेर यायला लागू न्हाई."

न्हाणीघराला तर कडीच नव्हती. काढून टाकलेली. आत कुणी असेल तर त्यानं गाणं म्हणायचं, असा घराचा नियम. नांदेडची ही बाई रोज सकाळी न्हाणीघरात जीव तोडून आरत्या म्हणायची. आरत्या संपल्या की पाढे. माझी मुलगी म्हणायची, "आई, तू एकोणतिसाचा चुकतेस. खाली आक्का हसतात."

आक्का म्हणजे मॅनेजरांची बायको. त्यांच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण शटराचं हे सगळं रामायण त्यांच्यासाठीच चाललं होतं.

आक्का घरात राहत नव्हत्या. अंगणात लिंबाखाली पत्र्याची खोली होती, तिच्यात राहायच्या. भूकंप झाला तेव्हा सगळं लातूरच बाहेर झोपायला लागलं होतं. रस्त्यावर, मैदानात, ताडपत्र्या टाकून. मग हळूहळू एकेक जण घरात परतला. आक्का तेवढ्या परतल्या नाहीत. वर्षं गेली, घराची डागडुजी झाली, पोरांना खोल्या भाड्यानं द्यायला वर मजला चढला, आणि आक्का अजून पत्र्याखालीच. तशी खोली मोठी झोकात होती. पंखा, टीव्ही, चूल, गॅस, देवघर, दारात सदाफुली. पत्र्याखाली बसून त्या सगळ्या गल्लीवर राज्य करायच्या. दिवसा घरात यायच्यासुद्धा. पण उंबऱ्याच्या आत दोन पावलं, हातातलं सामान ठेवायचं, आणि पाठ न फिरवता मागच्या मागे बाहेर.

का, ते त्यांनीच मला सांगितलं. शेंगा फोडता फोडता, अगदी मजेत.

"गणपतीची मिरवणूक बघायला गेलते हे. माझा डोळा लागलेला. मला उठवाया लागू नये म्हणून ह्यांनी भायरून कडी घातली अन गेले. आपल्यात घालत्यात की, झोपल्या माणसाला उठाया लागू नये म्हणून. लई मायेनं घातली. अन मग ते घुरघुर सुरू झालं बग जमिनीच्या आतून. मी दारात आले तर चौकट तिरपी होऊन कडी अडकलेली. हे पळत आले, भायेर उभे. मी आत. टॉकीजमदी हज्जार माणूस भायेर काढणारा मानूस, अन ह्याला एक बायको भायेर काढता येईना."

"मग?"

"मग शेजाऱ्यांनी पहारीनं दार फोडलं. मला काय झालं न्हाई. चौकटीचा टवका उडून कपाळाला लागला, ह्यो बग." आक्कांनी कुंकवाच्या वरची खूण दाखवली. "पर हे तवापास्नं असे झालेत. टॉर्च घेऊन हिंडत्यात."

मॅनेजर लग्नाला गेले की मांडवात दाराशी बसायचे. चपला काढताना तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. एसटीत बसले की संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीजवळची जागा धरायचे आणि कंडक्टरला ती उघडून दाखवायला लावायचे. एका कंडक्टरला ती उघडली नाही तर हे मधेच उतरले आणि पुढच्या गाडीनं गेले. आमच्या मुलीच्या फिजिक्सच्या सरांच्या क्लासात तर हे विनाबोलावता शिरले. कोंबून बसवलेली पोरं बघितली, एकुलत्या एक दारावर टॉर्च मारला आणि भर तासाला म्हणाले, "सर, तुमचा शो हाऊसफुल्ल हाय, हे चांगलं हाय. पर सुटणार कुठून?"

सर चिडले. पण दुसऱ्या दिवसापासून पोरंच विचारायला लागली, सर सुटणार कुठून. शेवटी त्यांना मागच्या भिंतीत दार पाडावं लागलं.

तर आता शटर. मागच्या उन्हाळ्यात आक्कांना पत्र्याखाली चक्कर आली होती. लातूरचा मे महिना आणि पत्रा, म्हणजे तव्यावरच बसायचं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "आक्का, पुढचा उन्हाळा ह्या पत्र्यात काढायचा नाही. तुमच्या हृदयाला आता ते झेपणार नाही." आक्का म्हणाल्या, बरं. मॅनेजर म्हणाले, घरात चल. आक्का म्हणाल्या, न्हाई.

"मग कुठं जाणार?"

"जिची एक भिंत मला आतून उघडता येती अशी खोली बगा. दार नगं. दार अडकतंय. अख्खी भिंत वर गेली पायजे, अन ती माझ्या हातानं."

दुसऱ्या कुणी हे वेडाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. मॅनेजर उठले, घराला चक्कर मारून आले आणि गॅरेजसमोर उभे राहिले. डागडुजीच्या वेळी इंजिनिअरनं नकाशात गॅरेज काढलं होतं, कारण तो सगळ्यांच्याच नकाशात काढायचा. गाडी नसल्यानं तिथं पोतीच पडलेली असायची. पुढची अख्खी भिंत म्हणजे शटर. पण शटर असं जड की मॅनेजरांनाच दोन्ही हातांनी नेट लावावा लागे, आणि आक्कांचा तर एक खांदा धरलेला. तेव्हा मॅनेजरांनी ठरवलं, मोटर बसवायची. उन्हाळ्याच्या आत.

आणि त्याच गॅरेजवर माझा डोळा होता.

आमच्या ह्यांनी नुकतीच मारुती घेतली होती. जुनीच, पण माझ्यासाठी ती विमान होती. शनिवारी ती गल्लीत उभी राहिली की क्लासची पोरं तिच्या टपावर वह्या ठेवून गणितं सोडवायची. मला वाटायचं, गॅरेज आहे, गाडी आहे, मधे ही म्हातारी कशाला? तिला पत्र्यात कूलर लावून द्या की! आज मी त्या आक्कांच्या वयाची झाले आहे. माझ्या बाबतीत असा विचार करणारी एखादी बाई समोर आली तर मी तिला पाटीखाली कोंबीन.

फिजिक्सच्या सरांनाही गॅरेज हवं होतं, नव्या बॅचसाठी. ते दर आठवड्याला येऊन म्हणायचे, "मॅनेजर, रिकामी जागा म्हणजे पाप." आक्का पत्र्यातून ओरडायच्या, "सर, आधी तुमच्या पोरांस्नी श्वास घ्यायला जागा द्या!"

मोटरवाले यायला लागले. सोलापूरचा एक आला, हैदराबादचा एक आला. लिंबाखाली आक्कांच्या दारात बाकडं टाकलेलं, तिथं बैठक. आक्का डाळ निवडत ऐकायच्या, मी वरून गॅलरीतून ऐकायचे, आणि मॅनेजर सवाल विचारायचे. किंमत शेवटी. पहिला सवाल ठरलेला.

"लाईट गेली तर?"

"साहेब, आमची मोटर वीज कमी खाते."

"कमी खाती ते बरंय. पर गेली तर काय खाती?"

सोलापूरवाला घाम पुसत म्हणाला, इन्व्हर्टर लावा. मॅनेजर म्हणाले, त्याची बॅटरी उतरली तर? तो म्हणाला, जनरेटर लावा. मॅनेजरांनी त्याच्या तोंडावर टॉर्च मारला. "अन जनरेटरचं रॉकेल आणायला जायचं कुठून? शटर तर बंद हाय!"

दुसरा सवाल: रिमोट हरवला तर? आक्कांचा चष्मा दिवसातून दोनदा हरवायचा आणि त्यांच्याच डोक्यावर सापडायचा. तिसरा: खाली येताना मधे काही आलं तर शटर थांबतं का? हैदराबादवाला छातीवर हात ठेवून म्हणाला, थांबतं साहेब, शंभर टक्के. त्यानं नमुन्याचं छोटं शटर बरोबर आणलं होतं. मॅनेजरांनी शांतपणे त्याचा स्वतःचाच जेवणाचा डबा त्याखाली ठेवला. शटर थांबलं नाही. त्या दिवशी हैदराबादवाल्याला आक्कांनी पिठलं-भाकरी वाढली, आणि चपटा डबा त्यानं निमूटपणे पिशवीत घातला.

शटराच्या कामाचा गल्लीतला वस्ताद म्हणजे गफूरभाई. पिढ्यान्‌पिढ्या लातुरातले. मोठे बडेजावी. निम्म्या क्लासांची शटरं त्यांनीच बसवलेली. "डॉक्टर बाद में बनते, पहले मेरे शटर के नीचे से जाते," असं सांगायचे. त्यांनाही मॅनेजरांच्या सवालांचा वैताग आला होता. "मॅनेजरसाब, शटर लगाना है या सासरवाडी ढूँढना है?"

असं करता करता संक्रांत गेली, ऊन तापायला लागलं, आणि मोटर काही ठरेना. आक्कांचा पत्रा दुपारी कटकट वाजायला लागला. मॅनेजर रोज सकाळी पत्र्याला हात लावून बघायचे आणि हात झटकायचे.

तेव्हा मी मधे पडले. माझ्या मामेभावाच्या हैदराबादच्या बंगल्यात रिमोटचं शटर होतं. मी आमच्या ह्यांना हैदराबादला पाठवून तसलीच मोटर आणवली. मॅनेजरांना म्हटलं, "काका, ही घ्या. लाईट गेली तर हातानंही उघडते म्हणतात. फक्त एक अट. आक्का राहायला येईपर्यंत आमची गाडी आत राहील." मनात म्हटलं, आक्का कशाला येतात!

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं. पण उन्हाळा दारात होता. "बरं," म्हणाले. "ठेवा गाडी."

गफूरभाईंनी दोन दिवस ठोकाठोक केली. लिंबाखाली चहा घेत सगळ्यांना समजावून सांगितलं: जुन्या स्प्रिंगा मेल्या होत्या, मोटरवर ओझं नको म्हणून नव्या टाकल्या; ही लाल तार, लाईट गेली तर ओढायची, मोटर शटर सोडते, मग हातानं वर. मी काही ऐकलं नाही. माझ्या हातात रिमोट होता आणि मी तो पदराला पुसत होते.

रविवारी सकाळी उद्घाटन. गल्ली गोळा झाली, क्लास सुटलेली पोरं सायकली टेकवून उभी राहिली. मारुती आत उभी. आमचे हे रात्रीच बसनं नांदेडला परतले होते, दुकानाची मोजदाद होती म्हणून. मी नारायणपेठ नेसून रिमोट दाबला. शटर वर जायला लागलं. आणि मोटरीचा आवाज आला, घुर्रर्र, खोलवरून, फरशीतून पायात चढणारा.

मागे ताट पडल्याचा आवाज झाला. आक्का पत्र्यातून बाहेर आल्या होत्या, लिंबाला घट्ट धरून उभ्या होत्या.

"काढा ते," म्हणाल्या. "ते त्या रातच्यावानी बोलायलंय. ते काढा."

मॅनेजरांचा चेहरा असा पडला की माझ्यासारखीलासुद्धा कसंतरी झालं. इतके महिने त्यांनी सगळे सवाल विचारले होते, आवाजाचाच विचारायचा राहून गेला होता. आता चैत्र लागला होता आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

मला वाटलं, माझी मोटर नापास होते की काय! मी म्हटलं, "आक्का, नुसता आवाज आहे हो. काही होत नाही. थांबा, मी आत बसून बंद करून दाखवते. मग परत उघडते. बघाच तुम्ही."

"बाई, जाऊ नका," मॅनेजर म्हणाले.

कुठली ऐकते! मी गाडीत राणीसारखी बसले आणि बटण दाबलं. शटर घुरघुरत खाली आलं, जमिनीला टेकलं, अंधार झाला. मी वर जायचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

लाईट गेली होती. रविवारी याच वेळेला जायची, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पहिलं मिनिटभर मी शांत होते, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे. मी लगेच बोंब ठोकली. गाडीतून बाहेर पडताना पदर दारात अडकला, डोकं कशाला तरी आपटलं, मी शटरावर दोन्ही हातांनी धडाधडा बुक्क्या मारायला लागले. रिमोट कुठं पडला तेही कळलं नाही.

बाहेर काय झालं ते मुलीनं सांगितलं. मॅनेजर शटरासमोर खिळून उभे होते. हातात पेटलेला टॉर्च, भर उन्हात शटरावर मारलेला. गफूरभाई शेजारच्या गल्लीत नाश्त्याला गेले होते. मुलगी म्हणाली, "काका, काहीतरी सांगा ना!" पण त्यांचे नुसते ओठ हलत होते.

तेव्हा आक्कांनी लिंब सोडला. चालत आल्या आणि शटराला तोंड लावून म्हणाल्या,

"कोण हाय आत?"

"मी! मी आहे आक्का! काढा मला!"

"वरडू नको. वरडल्यानं दम जातोय. मला म्हाईत हाय."

"काकांना सांगा ना उघडायला!"

"त्यांना न्हाई यायचं. भायरून न्हाई उघडत ते. तू आत हायस, तूच उघडणार. उजव्या हाताला भिंत लागली का?"

"लागली."

"तिला धरून शटराच्या कोपऱ्यात ये. आता वर हात कर. लाल तार लोंबतीय."

"अंधारात लाल कसं दिसणार आक्का!"

"मग लाल नसंल. हाताला लागंल ती तार. तिला मूठ हाय. लागली?"

लागली.

"आता ओढ. भ्यायचं न्हाई, जात्याचा खुंटा वढल्यावानी ओढ."

मी लोंबकळलेच. वर कट्‌ असा आवाज झाला.

"आता खाली वाक, पट्टीला हात घाल अन उचल."

मी जीव खाऊन उचललं. पण शटराला जोर लावायची गरजच नव्हती. ते असं हलकं सर्रकन वर गेलं की मी पुढे धडपडत थेट आक्कांच्या अंगावर गेले. निऱ्या सुटलेल्या, टिकली नाकावर. बारावीच्या सगळ्या बॅचनं टाळ्या वाजवल्या. मॅनेजर तसेच उभे होते, डोळ्यांत पाणी, टॉर्च चालू.

आक्कांनी मला बाजूला सारलं, जशी वाटेतली बादली सारावी तशी, आणि आत गेल्या. त्या पाठ न फिरवता मागे येतील असं मला वाटलं. त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तार बघितली. मग वळून एका हातानं शटर कमरेपर्यंत खाली ओढलं. वर केलं. परत खाली, परत वर. खडखड, खडखड.

"खांदा दुखतोय का?" मॅनेजरांचा आवाज आता फुटला.

"हलकं हाय की ओ. फुलावानी हाय."

"आवाज?"

"ही खडखड माझ्या हाताची हाय. मी थांबवली की थांबती. त्या मोटरीची घुरघुर कुणाच्या हातात न्हाई. मोटर काढा."

एवढ्यात गफूरभाई नाश्ता करून आले. मॅनेजरांनी त्यांच्यावर टॉर्च मारला. "गफूरभाई, हे हलकं कसं झालं?"

"नवी स्प्रिंग है ना साब. मोटर के वास्ते डाली."

"म्हणजे नुसत्या स्प्रिंगा बदलल्या असत्या तर मोटर लागलीच नसती?"

"काय को लगती?"

"मग इतके महिने बोलला का न्हाईत?"

"साब, तुमने मोटर पूछी, मैं मोटर बोला. स्प्रिंग पूछते तो स्प्रिंग बोलता!"

आक्का इतक्या हसल्या की त्यांना गाडीच्या बोनेटवर बसावं लागलं. मला बोनेटची काळजी वाटली, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड मिटून गप्प राहिले.

मोटर फिजिक्सच्या सरांनी नेली, त्यांच्या क्लासच्या शटराला. मॅनेजरांनी एका अटीवर नेऊ दिली: नव्या बॅचला पहिल्या दिवशी फिजिक्सच्या आधी लाल तार दाखवायची, आणि प्रत्येक पोरानं एकदा ओढायची. सरांनी वर्षानुवर्षं पाळलं म्हणतात. आमची मारुती परत लिंबाच्या कडेला, टपावर गणितं.

आक्का गॅरेजमध्ये राहायला आल्या. खाट, देवघर, टीव्ही, सगळं. सुरुवातीला शटर गुडघ्याइतकं उघडं ठेवून झोपायच्या. मॅनेजरांनी शटराच्या बाहेर खुर्ची टाकली आणि बसून राहायला लागले. दुपारी ऊन थेट त्यांच्या डोक्यावर यायचं, पण उठायचे नाहीत. मी सरबत घेऊन गेले की म्हणायचे, "झोपलीय. हळू बोला."

मेच्या एका दुपारी, मुलीची सीईटी तोंडावर असताना, मी खाली आले तर मॅनेजर खुर्चीजवळ उभे होते आणि शटर जमिनीला टेकलेलं होतं. पूर्ण बंद. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणी पाडलं?" मी कुजबुजले.

"कुणी न्हाई. तिनंच. मी डुलकी घेत होतो."

"मग हाक मारा ना."

त्यांनी वाजवायला हात वर केला. वाजवला नाही. तसाच हवेत धरून उभे राहिले. आतून पंख्याचा आवाज येत होता. पंख्याच्या आवाजात आक्कांचं घोरणंही येत होतं, चांगलं खणखणीत. आणि मग ते थांबलं.

"कोण हाय?" आतून आक्का.

"मी हाय."

"काय पायजे?"

"काय न्हाई."

मग खाटेची कुरकुर, पावलं, आणि शटर वर उचललं गेलं. सगळं नाही. त्यांच्या कमरेइतकंच.

"उन्हात उभे राहून काय करायलाव? आत या. अन वाकून या, गारवा जातोय माझा."

मॅनेजर वाकले आणि आत गेले. शटर खडखडत त्यांच्या मागे खाली आलं, जमिनीला टेकलं.

खुर्ची बाहेरच राहिली. मी ती उचलून लिंबाच्या सावलीत ठेवली आणि सरबत स्वतःच पिऊन टाकलं.